आमच्याकडे एक बाई होत्या

सानिकानं गाणं मध्येच थांबवलं आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवला.

"हा करवत नाहीये," ती म्हणाली. "कोणीतरी त्याचं चॅनल पळवलंय."

कॉलेजच्या कँटीनमध्ये सकाळची गर्दी ओसरली होती. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते. करवतचं नवीन गाणं येणार म्हणून आम्ही महिनाभर वाट पाहत होतो.

"पूर्ण ऐकू या की," मी म्हणाले. "लाव परत."

तिनं पुन्हा लावलं. ढोल नाही, बास नाही. मागे नुसती एक टकटक, लोखंडावर लोखंड हळू आपटावं तशी. आणि मग एक साधा, थोडा नाकातून येणारा आवाज, शेजारी बसून बोलावं तसा:

*बाप माहा पंक्चर काढे, ट्यूब पान्यात दाबे,*
*बुडबुडा जथी निंगे तथी बोट त्याचं थांबे.*
*मी माही बोली दाबली शहराच्या पान्यात,*
*बुडबुडा निंगालाच शेवटी माह्याच गान्यात.*

"जथी म्हणजे?" सानिकानं विचारलं.

"काय माहीत. जिथे असेल बहुतेक."

"आणि निंगे?"

"निघे असणार. अंदाजानं सांगतेय."

"तुझा अंदाज बरा असतो गं," ती म्हणाली आणि हसायला लागली. "माह्याच गान्यात! अरे देवा. रुचिका, आता काय करायचं आपण?"

मीही हसले. चहा निवला होता तरी मी कप सोडला नाही.

करवतबद्दल सांगायला हवं. हे नाव त्याला आवाजावरून पडलं होतं. तो शब्द म्हणायचा नाही, चिरायचा. घशाच्या तळातून खरखरत यायचा आणि प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर असं तोडायचा की ऐकणारा दचकावा. मुंबईच्या गल्लीतली हिंदी आणि मराठी तो एकत्र कालवायचा. तो मुंबईचाच, कुठल्या तरी चाळीतला, असं सगळे धरून चालत. त्यानं स्वतः कधी तसं सांगितलं नव्हतं. तो कुठला आहे हे त्यानं कधीच सांगितलं नव्हतं.

मी पहिल्या वर्षाला पुण्यात आले तेव्हा वर्गात उभं राहून एक निबंध वाचून दाखवायचा होता. वाचलं नीट, पण नंतर सरांनी प्रश्न विचारला आणि घाईत माझ्या तोंडून निघालं, "मले वाटते का..." वर्ग हसला. कोणी वाईट मनानं हसलं नाही. पुढच्या बाकावरची एक मुलगी तर "किती गोड" म्हणाली. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडणं बंद केलं. आणि त्याच दिवसांत करवत सापडला. तो शब्द असे फेकायचा की समोरचा मागे सरकायचा; हा कुठून आला हे विचारायची हिंमतच कोणाची व्हायची नाही. मी त्याची गाणी वसतिगृहाच्या बाथरूममध्ये नळ सोडून म्हणत असे. गाता येत नव्हतं, पण वेग शिकले, शब्दाला दात लावायला शिकले, आणि त्याच ओघात पुण्याची मराठीही शिकले. दुसऱ्या वर्षी माझं बोलणं इतकं सफाईदार झालं होतं की नवीन मुली मला सदाशिव पेठेची समजत. सानिकाला मी अमरावतीची एवढं माहीत होतं. अमरावती शहर की जिल्हा, हे तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

सानिका लिमये माझी वर्गमैत्रीण, दुसऱ्या वर्षी आमच्या कॉलेजात आलेली. तिच्याकडे कॅमेरा होता, माझ्याकडे कान. आम्ही दोघींनी 'कान देऊन' नावाचे व्हिडिओ सुरू केले. मी एकेक गाणं घेऊन त्यातल्या आवाजाबद्दल बोलायची. कुठे तो दम धरतो, कुठे सोडतो, कोणता शब्द गिळतो. एका व्हिडिओत मी म्हटलं होतं, "करवतच्या गाण्यात श्वास ऐकू येत नाही. तो कापून टाकतो. इतका राग आहे, इतका वेग आहे, मग हा माणूस दम कधी घेतो? मला एकदा तरी त्याचा श्वास ऐकायचाय." तो व्हिडिओ खूप चालला. मग त्याच्या पुढच्या गाण्यांत आवाज बदलला. त्यानं चिरणं कमी केलं, आवाजाला यंत्राची चकाकी दिली, सूर धरू लागला. चाहते खवळले. विकला गेला म्हणाले. तेव्हा मी त्याच्या बाजूनं उभी राहिले. कलाकार वाढतो तसा त्याचा आवाज वाढतो, आपण त्याला जुन्या कपड्यांत कोंबायला बघू नये, असं मी कॅमेऱ्याकडे बघून ठासून सांगितलं होतं.

आणि आता हे नवं गाणं, 'बुडबुडा'. यंत्राची चकाकी गेली होती. दोन ओळींच्या मध्ये तो थांबत होता आणि त्या थांबण्यात त्याचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. एखाद्या चाहत्याला याहून जास्त काय हवं असतं? पण मला त्यातला एकेक शब्द समजत होता, समजण्यासाठी एक क्षणही लागत नव्हता, आणि सानिका माझ्या तोंडाकडे बघत होती.

"व्हिडिओ करू," मी म्हणाले. "नाव ठेवू, करवत बोथट झाली."

तो व्हिडिओ आम्ही तिच्या घरच्या गच्चीवर केला. मी आधी गंभीरपणे बोलले. म्हटलं, बोली वापरली म्हणजे खरेपणा येतो असं नाही. हा सोपा मार्ग आहे. ज्या धारेसाठी आपण याला ऐकत होतो ती धार याने स्वतःच घासून टाकली. सगळं नीट, मुद्देसूद. सानिका कॅमेऱ्यामागून म्हणाली, "छान आहे, पण कोरडं होतंय. तू करून दाखव ना त्याच्यासारखं."

मी ओढणी डोक्यावर घेतली. पदर दातांत धरतात तशी तिची कड धरली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि आलं:

"अवं माय वं! त्या कुकरले शिट्टीच येईना वं! मी म्हनलं रबर गेलं असन, तं नवीन रबर आनलं, तं ते बी मेलं फुसफुसच करून रायलं! मंग मी त्याच्यापुढं हात जोडले, म्हनलं, बाप्पा कुकरा, शिजव नाई तं नको शिजवू, पन असा रुसून तं नको बसू!"

सानिका इतकी हसली की चित्र हललं. तोच हललेला भाग आम्ही ठेवला. व्हिडिओ कॉलेजच्या बाहेर गेला, पुण्याच्या बाहेर गेला. करवतच्या गाण्याबद्दल मी काय म्हटलं ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही. कुकरवाली बाई सगळ्यांना आठवत होती. मुलं मला जिन्यात थांबवून म्हणत, "एकदा शिट्टी येईना म्हणून दाखव ना." मी म्हणून दाखवायची.

दोन-तीन दिवसांनी आईचा फोन आला. घरचा फोन आला की मी नेहमी पार्किंगच्या मागे, जिथे जुने बाक टाकून दिले होते तिथे जायची. तिथे कोणी नसायचं.

आमचं घर अंजनगाव सुर्जीला. विड्याच्या पानांचा मळा आहे, पानमळा. आई दिवसभर मळ्यात असते, बायकांसोबत पानं खुडते, आणि खुडता खुडता बोलते. तिच्या बोलण्यासाठी शेजारची सिंधूकाकू आणि बाकी बायका आमच्या मळ्यात यायला बघतात, असं बाबा म्हणत.

"रुचे, तुह्या व्हिडिओ पायला वं," आई म्हणाली. ती आधीच हसत होती. "सिंधूच्या पोरानं दाखोला. अस्सल माह्यावानी बोलली वं तू. त्या कुकरचं तं माहंच वाक्य घेतलं. सिंधू म्हने, शोभे, हे तं तूच आहे वं. मळ्यात सगळ्या बायायले दाखोला मी. लय हासलो आमी."

"हो का," मी म्हणाले.

"हाव ना. लोकं पाहून रायले ना तुले? पुन्यात बी आवडलं ना?"

"आवडलं."

"पन तू त्या पोट्ट्याले नावं कायले ठेवली वं? चांगलं तं गाते तो. मी आयकलं. तुह्या बाबाले बी आयकोलं. त्यायच्या डोयात पानी आलं."

"आई, तुले नाही समजत ते. तो आधी कसा गाये ते तू आयकलंच नाही."

"नसन समजत बाप्पा," ती म्हणाली. तिला मुळीच वाईट वाटलं नव्हतं. "मी तं एवढंच म्हनलं, बापावर गानं आहे, तं चांगलं आहे."

फोन ठेवला. मला सुटल्यासारखं वाटत होतं. तिला राग आला नाही, म्हणजे मी काही वाईट केलं नाही, असा मी हिशोब लावला.

कॉलेजच्या महोत्सवाला करवत येणार हे आधीच ठरलं होतं. त्याची मुलाखत मी घ्यायची हेही ठरलं होतं, कारण त्याच्यावर माझ्याइतकं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. व्हिडिओनंतर मला वाटलं, तो माझ्याऐवजी दुसरं कोणी द्या म्हणून सांगेल. त्यानं काही सांगितलं नाही. मी आठवडाभर प्रश्न तयार केले. आईला फोन करून सांगितलं की मी मोठ्या स्टेजवर आहे, कार्यक्रम मोबाईलवर थेट दिसणार आहे. ती पाहत असेल हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तिला लिंक मीच पाठवली होती.

तो दुपारी आला. बारीक, बुटका, साधा निळा शर्ट घातलेला. त्याचं खरं नाव रोशन तायडे, हे मला त्या दिवशी आयोजकांकडून कळलं. स्टेजमागे त्यानं मला नमस्कार केला आणि म्हणाला, "तुम्हीच ना कान देऊन? मी सगळे पाहिलेत." एवढंच. त्याच्या बोलण्यात करवत कुठेच नव्हता.

मंडप भरला होता. मुलं खाली जमिनीवरही बसली होती. मी पहिला प्रश्न तोच विचारला जो सगळ्यांना विचारायचा होता.

"तुमचा आवाज इतका का बदलला?"

त्यानं माईक थोडा लांब धरला. "तो आधीचा आवाज काढला की माझा घसा बसायचा," तो म्हणाला. "दोन गाणी सलग झाली की तिसऱ्याला रक्ताची चव यायची. लोक म्हणायचे, काय राग आहे याच्यात. राग नव्हता. भीती होती. मी दर्यापूरहून मुंबईत आलो तेव्हा तोंड उघडलं की लोक विचारायचे, कुठून आलास. मग मी ओरडायला लागलो. माणूस ओरडत असला की कोणी गाव विचारत नाही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी कागदाकडे बघितलं. पुढचा प्रश्न दिसत होता, पण वाचता येईना.

"मग आता का सोडलं ओरडणं?"

"तुमच्यामुळे," तो म्हणाला, आणि हसला. "खरंच. तुम्ही एकदा म्हणाला होतात, मला याचा श्वास ऐकायचाय. मी ते ऐकून चिडलो होतो. म्हटलं, ही कोण? मग स्टुडिओत गेलो आणि माझीच जुनी गाणी लावली. खरंच श्वास नव्हता कुठे. सगळे कापलेले. म्हटलं, एक गाणं असं करून बघू की ज्यात दम घेताना लाजायचं नाही. यंत्र लावलं, सूर लावला, तरी जमेना. कारण भाषाच दुसऱ्याची होती. दुसऱ्याच्या भाषेत आपण दम धरून बोलतो. घरी आईशी बोलताना कुठे धरतो?"

खालून कोणीतरी ओरडलं, "कुकर! कुकर!" मंडपात हशा पिकला. सानिका पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन बसली होती, तीही हसत होती.

रोशनही हसला. "हां, तो व्हिडिओ. माझ्या बहिणीनं लावला घरी. तुम्ही मला बोथट म्हणालात, ते तुमचं मत. पण कुकरवर आम्ही सगळे पोट धरून हसलो. आणि माझी बहीण काय म्हणाली सांगू? म्हणे, दादा, ही नक्कल नाही." तो माझ्याकडे वळला. "नक्कल करणारा माणूस शब्द धरतो. मले, तुले, काहून. तुम्ही शब्दांच्या मधली जागा धरली. 'असा रुसून तं नको बसू' म्हणताना जे थांबलात ना, ते शिकून येत नाही."

मग त्यानं आवाज खाली आणला, अगदी गाण्यातला आवाज, आणि विचारलं, "कोठच्या तुमी, ताई? अंजनगाव, अकोट, तिकडच्या काय?"

त्याच्या चेहऱ्यावर माझी फजिती करायची इच्छा नव्हती. तो मला हात देत होता. मी फक्त हो म्हणायचं होतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या असत्या, त्याने गावाचं काहीतरी विचारलं असतं, मी दोन वाक्यं वऱ्हाडीत बोलले असते आणि त्या दिवसाचा तो सगळ्यात सुंदर क्षण ठरला असता. हे मला तेव्हाही कळत होतं.

सानिकाच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा दिसत होता.

"नाही हो," मी म्हणाले. माझा आवाज किती स्वच्छ होता ते मला अजून आठवतं. "आमच्याकडे एक बाई होत्या. कामाला. धुणीभांडी करायच्या. त्या असंच बोलायच्या. लहानपणी आम्ही त्यांची गंमत करायचो, त्यावरून जमलं."

सगळे हसले. रोशन माझ्याकडे क्षणभर बघत राहिला.

"असन," तो म्हणाला. आणि मग पुन्हा सगळ्यांकडे वळून, "त्या बाईंचे आभार मानायला पाहिजेत. चांगलं शिकवलंय त्यांनी."

पुढचे प्रश्न मी विचारले. त्यानं सगळ्यांची उत्तरं नीट दिली. मग तो गायला. बुडबुडा सुरू झाला तेव्हा मुलं थोडी कुजबुजली, काहींनी जुन्या गाण्याची मागणी केली. तो थांबला नाही, चिडला नाही, वेगही वाढवला नाही. दोन ओळींच्या मध्ये तो श्वास घेत होता आणि हळूहळू मंडपही त्याच्याबरोबर श्वास घेऊ लागला. शेवटी "माह्याच गान्यात" ही ओळ सगळे म्हणत होते, सानिकाही. मी बाजूच्या पडद्याआड उभी होते. तोवर मी त्याचा आवाज कसा वाढला यावर कितीतरी बोलले होते. वाढ म्हणजे काय ते त्या दिवशी समोर दिसलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं.

जाताना तो माझ्याजवळ थांबला. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"येतो, ताई," तो म्हणाला. "सांभाळून राहजा."

"हो. धन्यवाद," मी म्हणाले.

आई माझ्या प्रत्येक परीक्षेनंतर, प्रत्येक स्पर्धेनंतर फोन करायची. त्या दिवशी तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. मी स्वतःला सांगितलं, तिकडे नेट चाललं नसेल. नंतरच्या दिवसांत बाबाच फोन करू लागले. आई मळ्यात आहे म्हणायचे, नाही तर आंघोळीला गेली म्हणायचे. मी जास्त विचारायची नाही.

दिवाळीला घरी गेले. स्टँडवरून चालत आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आईचा आवाज ऐकू आला. ती अंगणात उभी राहून भिंतीपलीकडच्या सिंधूकाकूला काहीतरी सांगत होती, "अवं, मी त्याले म्हनलं, चार दिवसांनी येजो, तं तो कसा मान हालवते पाहाय, बैलावानी..." सिंधूकाकू हसत होती. मी फाटक ढकललं. आईनं वळून पाहिलं. तिचं वाक्य तिथंच राहिलं.

"आलीस का?" ती म्हणाली. "प्रवासात त्रास णाही ना झाला? उण्हात उभी राहू णको. आत ये."

मला वाटलं, घरात कोणी पाहुणे आहेत. मी आत डोकावून पाहिलं. कोणी नव्हतं.

आमच्याकडे बोलताना ण येत नाही. पानी, लोनी, कोनी, सगळीकडे न. आईनं कुठून तरी ऐकलं असावं की शुद्ध बोलायचं तर ण हवा, आणि ती तो जिथे नको तिथेही लावत होती, जपून, एकेक शब्द तपासून पुढे ठेवल्यासारखा. सिंधूकाकूनं भिंतीवरून माझ्याकडे पाहिलं. "आल्या काय बाईसाहेब," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी बाबांबरोबर मळ्यात गेले. पानमळ्यात भर दुपारीही सावली असते, ओल असते. बाबा वेल शेवरीच्या खोडाला बांधत होते. बाबा कमी बोलणारे. मीच विचारलं.

"आई अशी काहून बोलते?"

त्यांनी गाठ पक्की केली, मग पुढच्या वेलाकडे सरकले.

"त्या दिवशी सिंधूच्या घरी मोठ्या टीव्हीवर लावलं होतं तुह्यं," ते म्हणाले. "मळ्यातल्या बाया आल्या होत्या सगळ्या. तुह्या मायनं मुरमुऱ्याचा चिवडा केला होता त्यायच्यासाठी. तू आली तं टाळ्या वाजोल्या बायायनं."

मी सुटलेला एक वेल त्यांच्या हाती दिला.

"मंग त्यानं विचारलं, कोठच्या तुमी. सगळ्या हिच्याकडं पाहाले लागल्या. हे बसली होती हसत." त्यांनी दोरी ओढून पाहिली. "तू म्हनलं ते म्हनलं. मंग घरात कोनीच बोलेना. तं तुह्यी मायच बोलली. म्हने, हाव, होती ना एक बाई. रुचीच्या मावशीकडं, अमरावतीले. कामाले होती. लय बोले ते. रुची लहानपनी तिच्याच मागं मागं राहे. असं सांगतलं तिनं बायायले."

"मावशी? माझी कोणती मावशी अमरावतीला?"

"नाई ना कोनी," बाबा म्हणाले. "सगळ्यायले मालूम आहे नाई ते."

त्यांनी पुढचा वेल हातात घेतला. "टीव्ही बंद नाई केला तिनं. शेवटपर्यंत पायलं. त्याचं गानं झालं तेव्हा म्हने, पोट्टा चांगला आहे. मंग घरी आली."

मी घरी परतले तेव्हा आई चुलीपुढे बसून करंज्या लाटत होती. मी तिच्याजवळ पाट घेतला आणि करंज्या भरायला लागले. ती लाटी पुढे सरकवायची, मी सारण घालून कड मुडपायची. मी रस्ताभर तयार केलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"माय," मी म्हणाले. लहानपणानंतर मी तिला माय म्हटलंच नव्हतं. "माह्याशी असं नको बोलू वं. पह्यल्यासारखी बोल."

तिनं लाटणं थांबवलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं ती रागवेल, आणि रागवावी असं मला फार वाटत होतं.

"राग णाही मला," ती म्हणाली. "मी शिकते आहे. सिंधूच्या सुणेनं सांगितलं कसं बोलायचं. ती बी.ए. आहे." तिनं कपाळावरचे केस मनगटानं मागे सारले. "उद्या तुझ्या मैत्रिणी येतील इथे. लग्ण होईल तुझं, तिकडची माणसं येतील. माझ्यामुळे तुला अडचण णको व्हायला."

तिनं नवीन लाटी घेतली, पिठात बुडवली, आणि ती लाटता लाटता, माझ्याकडे न बघता, जरा हळू आवाजात विचारलं, "बरोबर बोलते आहे णा मी?"

मी करंजीची कड मुडपत होते. ती मुडपून झाली, ताटात ठेवली.

"बरोबर आहे, आई," मी म्हणाले.